तिसरा दिवस आणि दहावा दिवस

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त लातूर येथे विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



मी नांदेडचा. व्यवसायाने पत्रकार, शिक्षणाने कला शाखेचा पदवीधर. गणिताशी माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर संपला, तोही उभयपक्षी आनंदाने. अशा माणसाने लातुरात येऊन गणितावर बोलावे हे धाडसच. पण त्यास कारण आहे.

२०२१च्या एप्रिलमध्ये माझे मेहुणे नांदेडच्या एका रुग्णालयात होते. ताप येऊन दहा दिवस झाले होते, प्राणवायू लावलेला होता. एके सायंकाळी हातात चिठ्ठी पडली : रेमडेसिव्हिरच्या सहा कुप्या आणा. नांदेडात मिळेनात. लातुरात मिळतील असे कळले, म्हणून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत रात्री येथे पोहोचलो, छापील किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजले आणि पहाटे परतलो. मेहुणे बरे झाले. शेजारच्या खाटेवरील गृहस्थांनाही त्याच सुमारास तेवढ्याच कुप्या मिळाल्या होत्या, ते गेले. पुढे वर्षभर मी ‘त्या इंजेक्शनानेच मेहुणे वाचले’ असे छातीठोकपणे सांगत असे. आज तसे सांगणार नाही. ही सुबुद्धी मला गणिताने दिली.

रोगराई समीकरणात बसविण्याच्या प्रयत्नाशी आपल्या मुंबईचा जवळचा संबंध आहे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबईत प्लेगने आठवड्यागणिक किती माणसे दगावली याची नोंद झाली होती. भारतात वैद्यकीय सेवेत राहिलेले मॅकेंड्रिक आणि त्यांचे सहकारी केरमॅक यांनी १९२७ साली आपली समीकरणे प्रसिद्ध केली आणि ती मुंबईच्या याच आकड्यांना लावून दाखविली. केरमॅक तेव्हा अंध होते. १९२४ साली प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. त्यांनी नगराचे तीन गट केले : रोग न झालेले, रोगग्रस्त, आणि बरे झालेले वा मृत्यू पावलेले. एका गटातून दुसऱ्या गटात माणसे किती वेगाने जातात एवढेच मांडायचे. त्यातून दिसले असे की, साथ ओसरण्यासाठी सारे नगर आजारी पडावे लागत नाही. रोग लागू शकेल अशांची संख्या एका मर्यादेखाली गेली की साथ आपोआप उतरणीला लागते.

आता मुंबईच्या जागी माणसाचा श्वसनमार्ग ठेवा. नाकापासून फुफ्फुसापर्यंतच्या अस्तरातील पेशी म्हणजे तेथील प्रजा. निरोगी पेशी, बाधित पेशी आणि मोकळे फिरणारे विषाणू असे तीन आकडे आणि त्यांच्या बदलाचा वेग सांगणारी तीन समीकरणे. महाविद्यालयात ज्यांना डिफरन्शियल इक्वेशन म्हणतात, तीच ही. २००६ साली अ‍ॅलन पेरेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, फ्लूची लागण मुद्दाम करून घेतलेल्या सहा स्वयंसेवकांच्या नोंदींना ती लावली. निष्कर्ष थक्क करणारे होते. लागण झालेली पेशी सुमारे सहा तासांनी नवे विषाणू सोडू लागते आणि पुढचे पाच तास सोडत राहते, म्हणजे तिचे उरलेले आयुष्य अवघे अकरा तासांचे. मोकळ्या विषाणूंची संख्या दर तीन तासांनी निम्मी होते. तरीही आरंभीच्या काळात एक बाधित पेशी सुमारे बावीस नव्या पेशींना लागण देऊ शकते. म्हणूनच फ्लूचे विषाणू दोन-तीन दिवसांतच शिखर गाठतात.

काही स्वयंसेवकांत मात्र विषाणूंची संख्या एकदा उतरून पुन्हा चढली होती. साध्या समीकरणांना हे जमेना. मग त्यांत इंटरफेरॉनची भर घातली. बाधित पेशी धोक्याची जी दवंडी पिटते ती इंटरफेरॉनची. तेव्हा दुसरा चढ उमटला. त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी आणि प्रतिपिंडे यांची फौज नव्या शत्रूविरुद्ध उभी राहण्यास आठवडाभर लागतो, आणि ती कधी कधी शत्रू निघून गेल्यावरही गोळीबार थांबवीत नाही. कोरोनात रुग्णाला धाप लागे ती बहुधा सातव्या ते दहाव्या दिवशी. तोवर विषाणू उतरणीला लागलेले असत. फुफ्फुस सुजवीत असे ते आपलेच सैन्य.

आपल्याकडचा शेतकरी हे न शिकता जाणतो. हरभऱ्यावर घाटेअळीची अंडी आणि बारीक अळ्या दिसू लागताच फवारणी केली तर पीक हाती लागते. अळीने घाटे पोखरल्यावर तेच औषध, तेवढेच मापून फवारले, तर दुकानदाराचे भले होते.

२०२० सालीच पेरेल्सन आणि फ्रान्समधील संशोधकांनी कोरोनाच्या तेरा रुग्णांच्या नोंदींवरून हिशेब मांडला होता. विषाणूंचे शिखर शंभर पटींहून अधिक खाली आणायचे, तर लक्षणे दिसण्यापूर्वी सुरू केलेले औषध ६० टक्के परिणामकारक असले तरी पुरू शकेल; लक्षणे दिसल्यावर मात्र ९० टक्क्यांहून अधिक लागेल. २० नोव्हेंबर २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातील रुग्णांना रेमडेसिव्हिर देऊ नये अशी शिफारस केली. नंतरच्या चाचण्यांत काहींना थोडा लाभ दिसला. पण डिसेंबर २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेच औषध, धोका अधिक असलेल्या रुग्णांना लक्षणांच्या पहिल्या सात दिवसांत, तीन दिवस दिले गेले, तेव्हा रुग्णालयात जाण्याचा धोका ८७ टक्क्यांनी घटला. स्टेरॉइडची कथा याच्या उलट. जून २०२०च्या ब्रिटिश चाचणीत डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू एक-तृतीयांशाने आणि प्राणवायूवरील रुग्णांचे एक-पंचमांशाने घटविले. प्राणवायूची गरजच नसलेल्यांना काही लाभ झाला नाही. आणि आपल्याकडे कित्येकांनी तापाच्या दुसऱ्याच दिवशी, घरी बसून, या गोळ्या घेतल्या. त्यांत मधुमेहीही होते. पुढे काळ्या बुरशीने काय केले ते आपण पाहिले आहे.

या गणिताला डोक्यावर घेऊन नाचावे असेही नाही. सहा माणसे, तेरा माणसे, हा तुटपुंजा आधार आहे. बहुतेक मोजमाप नाका-घशातील स्रावाचे. फुफ्फुसाच्या तळाशी काय चालले आहे ते सहजी दिसत नाही. सत्तरीच्या आजोबांची आणि विशीतल्या नातवाची प्रतिकारशक्ती एका आकड्यात कोंबता येत नाही. आकड्यांनी त्या एप्रिलमध्ये माझे मेहुणे वाचतील की नाही हे सांगितले नसते. परंतु रात्रीच्या त्या धावपळीकडून किती आशा करावी, हे मात्र नक्की सांगितले असते.

पालकांनो, लातूर पॅटर्नने महाराष्ट्राला शेकडो डॉक्टर दिले. नांदेडही आता त्याच वाटेने चालले आहे. अकरावीला ‘नीट’साठी जीवशास्त्र धरताना मुले गणित सोडतात आणि घरात सुटकेचा निःश्वास पडतो. माझ्या घरातही पडला होता. माझी पुतणी आज वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या दिवाळीत ती मला विचारत होती, “काका, अकरावीची गणिताची पुस्तके कुणाकडे मिळतील?”

त्या रात्रीची चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यावर तारीख आहे, औषधाचे नाव आहे, कुप्यांची संख्या आहे. ताप कोणत्या दिवशी आला, हे मात्र तिच्यावर कोठेच लिहिलेले नाही.