राखीव प्रत कुणाच्या ताब्यात?

(गडमुडशिंगी इथे बचत गटांचे हिशेब लिहिणाऱ्या बायका आणि सल्ला केंद्रांच्या कार्यकर्त्या यांच्यासमोर केलेलं भाषण.)



बॅकअपचा विषय निघाला की 'ते पोरं बघतील' म्हणून आपण मोकळ्या होतो. पण घरच्या कॉम्प्युटरवर आता गटाच्या कर्जाचे हप्ते असतात, केसच्या नोंदी असतात, मार खाल्लेल्या बाईच्या जखमांचे फोटो असतात. हे पोरांवर सोडायचं का?

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. चिखली-आंबेवाडीची माणसं मिळेल ते घेऊन बाहेर पडली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर. अशा वेळी कॉम्प्युटर कोण उचलणार? आणि पूर नाही आला तरी डिस्क कधी ना कधी बंद पडतेच. म्हणून दुसरी प्रत हवी, आणि ती दुसऱ्या घरात हवी. नदीकाठच्या मैत्रिणीची डिस्क लांबच्या गावातल्या मैत्रिणीकडे, इतकं साधं.

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. खर्च होतो तो बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कचा, आणि तो दोन-तीन गटांनी वाटून घेता येतो. विंडोजमध्येच 'फाइल हिस्टरी' आहे. ती फाइलच्या जुन्या आवृत्त्याही ठेवते, म्हणजे हिशेबात कुणी खाडाखोड केली तर मागचा आकडा सापडतो. 'फ्रीफाइलसिंक' फोल्डर जसाच्या तसा उतरवतं. हिशेबाला एवढं पुरे. मात्र फुकट मिळणारं कायम मिळेलच असं नाही. 'मॅक्रियम रिफ्लेक्ट'ची फुकट आवृत्ती अनेकांच्या आवडीची होती, कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला तिचा आधार काढून घेतला. म्हणून मी मुक्त सॉफ्टवेअरकडे झुकते. ते एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही.

गुगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळतात हे खरं. पण जोडलेल्या फोल्डरमधलं इथे पुसलं की तिथलंही जातं, काही दिवस कचरापेटीत राहतं एवढंच. शिवाय ते खातं कुणाच्या फोनवर उघडं आहे?

माझा मुख्य मुद्दा हाच आहे. घरचा कॉम्प्युटर 'घरचा' म्हणतात, पण पासवर्ड बहुतेक वेळा नवऱ्याला, दिराला नाहीतर मुलाला माहीत असतो. बाई तक्रारीची तयारी करते आणि तिची प्रत त्याच्याच खात्यात जाऊन बसते. उघडी डिस्कही कुणालाही लावून बघता येते. म्हणून केसच्या कागदांसाठी 'डुप्लिकाटी' घ्या. ते फुकट आहे, मुक्त आहे, आणि सगळं कुलूपबंद करून डिस्कवर किंवा इंटरनेटवर ठेवू शकतं. त्याचा परवलीचा शब्द हरवला तर मात्र कुणीच काही करू शकत नाही. तो कागदावर लिहून दोघी विश्वासातल्या बायकांकडे ठेवा, डिस्कच्या पिशवीत नव्हे.

प्रत निघाली म्हणजे झालं असंही नाही. महिन्यातून एकदा एक फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत काढून बघा. आपल्याकडे त्यात आणखी एक भानगड असते. जुने ठराव श्रीलिपीत टाइप केलेले असतात, आणि तो फाँट नसला तर फाइल उघडूनही नुसती अगम्य अक्षरं दिसतात. त्यांची पीडीएफही ठेवा.

कोर्टाचं थोडं वेगळं आहे. जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दिली तर सोबत प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं. म्हणून ज्या फोनवर धमकी आली तो फोन विकू नका, बदलून देऊ नका. व्हॉट्सअॅपवरून फिरवलेला फोटो आकसतो, मूळ फाइल केबलने उतरवून घ्या आणि तिला हात लावू नका.

चहानंतर आपण डुप्लिकाटी उतरवून घेणार आहोत. ज्यांनी डिस्क आणली आहे त्यांनी पुढे बसा. परवलीचा शब्द टाकताना बाकीच्यांनी तोंड फिरवायचं, माझ्यासकट.