जबड्याची प्लेट

बेंगळुरूच्या कृष्णराजेंद्र मार्केटनजीक, 1900 साली उघडलेल्या व्हिक्टोरिया इस्पितळाच्या आवारातच सरकारी दंत महाविद्यालय आहे, आणि मोडलेला जबडा सांधण्याची विद्या तेथे शिकविली जाते. कर्नाटकात जानेवारी 2016 पासून दुचाकीवर मागे बसणाऱ्यासही शिरस्त्राण सक्तीचे झाले. तथापि कानांच्या वरच संपणारी अर्धी टोपी घालून जो कायद्याचा तगादा चुकवितो, त्याची हनुवटी अपघातात उघडीच राहते.

मोडलेल्या जबड्यासाठी पूर्वीची वहिवाट अशी की, वरचे आणि खालचे दात तारांनी परस्परांशी जखडून तोंड चार ते सहा आठवडे बंद ठेवावयाचे. निसटलेला हनुसंधी, म्हणजे जबड्याचा सांधा, बसवून वर पंचांगी बंध, म्हणजे पाच टोकांची पट्टी, बांधावा, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. अस्थीला निश्चल ठेवण्याचे तत्त्व तेच. परंतु रोजंदारीवरील मजुराला तोंड बंद ठेवण्याची ही शिक्षा फार जड. रागीमुद्दे, म्हणजे नाचणीचा गोळा, हा न चावता गिळण्याचा पदार्थ खरा, पण मिटलेल्या दातांतून तोही जात नाही.

पुढे धातूची प्लेट आली. जर्मनीतील लूर यांनी 1968 साली पुरस्कारिलेली प्लेट अस्थीची दोन टोके परस्परांवर घट्ट दाबून धरी. जितका दाब अधिक, तितका सांधा भक्कम, अशी त्या पंथाची धारणा होती. फ्रान्समध्ये 1973 साली मिशेले यांनी लहान प्लेटा वापरल्या, आणि 1978 साली स्ट्रासबर्गच्या शांपी यांनी त्यामागील यंत्रशास्त्र उकलून दाखविले: चावताना जबड्याची वरची कड ताणली जाते व खालची दाबली जाते, सबब ताणाच्या रेषेवर एक सडपातळ प्लेट बसविली की उरलेला भार अस्थी स्वतःच पेलते. हनुवटीपाशी पीळही पडतो, म्हणून तेथे मात्र दोन हव्यात. आखूड स्क्रू बाहेरच्या कठीण थरातच थांबतात, त्यामुळे दातांची मुळे व आतील मज्जातंतू बचावतात. छेद तोंडाच्या आतून घेतल्याने गालावर व्रण राहत नाही, आणि खालचा ओठ हलविणाऱ्या मज्जातंतूलाही सहसा धोका पोहोचत नाही. अमेरिकेतील डॅलसच्या एलिस यांनी तर 1996 साली दाखविले की, जबड्याच्या कोनाशी एकच लहान प्लेट लावली असता उपद्रव दोन प्लेटांपेक्षा कमी होतात. मला हा निष्कर्ष या शास्त्रातील सर्वांत सुंदर वाटतो.

मात्र अस्थीचा चुरा झाला असेल, तुकडा गमावला असेल, किंवा दात गेलेल्या वृद्धाचा जबडा काडीसारखा झिजला असेल, तर भार वाटून घेण्यास तेथे जोडीदारच उरत नाही. अशा वेळी जाड प्लेट, आणि मोडाच्या दोन्ही अंगांस निदान तीन-तीन स्क्रू, हीच तजवीज योग्य; तेथे लहान प्लेटेचा मोह धरू नये.

प्लेट कोणतीही असो, स्क्रू फिरविण्यापूर्वी शल्यचिकित्सक दातांवर दात जुळवून तूर्त तारेने बांधतो, कारण क्ष-किरणात सांधा कितीही सरळ दिसला तरी घास चावताना दात जुळले नाहीत, तर रुग्णाचे काम झालेले नाही. मग तार सोडतात. काही आठवडे मऊ अन्नाची ताकीद असते, पण तोंड उघडते, चूळ भरता येते, आणि सारात बुडविलेला मुद्द्याचा पहिला घास आत जातो.