जुन्या बुलेटचा कार्बोरेटर

जुन्या बुलेट ३५० चा मिककार्ब कार्बोरेटर साफ केलात, आता तो जोडताना आधी स्लाइड बघा. तिची तिरपी कापलेली कड एअर फिल्टरच्या बाजूलाच हवी. सुईची क्लिप मधल्या खाचेत बसवा. क्लिप खाली सरकवली की सुई वर येते आणि मधल्या थ्रॉटलला पेट्रोल जास्त जातं. आणि कळकळीनं सांगते, जेटमध्ये तार घालू नका. भोक मोठं झालं की तो जेट कायमचा बाद.

एअर स्क्रू हलक्या हातानं टेकवून दीड फेरा सैल करा. गाडी चालू करून इंजिन चांगलं तापू द्या. मग स्क्रू थोडा थोडा फिरवत कान देऊन ऐका. जिथं इंजिनचे फेरे सर्वांत जास्त वाढतात आणि आवाज एकसारखा लागतो, तिथंच थांबा. आता स्लाइडच्या स्क्रूनं आयडलिंग खाली आणा.