केराची टोपली आणि सामाजिक न्याय



पर्यावरणरक्षण म्हटले की वृक्षारोपण, नदीस्वच्छता आठवते. स्वयंपाकघरातील केराची टोपली आठवत नाही. वास्तविक पहिली परीक्षा तेथेच होते.

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली महापालिकेशी करार करून तिने घरोघरी कचरासंकलन आरंभले. उकिरडे धुंडाळणाऱ्या भगिनी ओळखपत्रासह दारी आल्या. परंतु दारी मिळणारा कचरा मिसळलेलाच असेल, तर हा सन्मान अपुरा ठरतो. फुटकी काच, वापरलेले सॅनिटरी नॅपकिन आणि खरकटे एकत्र टाकले, की ते कोणाच्या तरी हातांनाच निवडावे लागते. खरकट्याने भिजलेली रद्दी विकलीही जात नाही. म्हणजे त्या भगिनीची कमाईही बुडते.

शिवाय उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी पुण्याच्या कचऱ्याची दुर्गंधी व दूषित पाणी वर्षानुवर्षे सोसले. ओला कचरा ढिगाऱ्यात हवेविना कुजला, की मिथेन वायू निर्माण होतो. तोच घरच्या कुंडीत जिरवला, तर खत होते.

तेव्हा आजपासून एवढे करावे : ओला-सुका कचरा वेगळा ठेवावा. काच निराळी बांधावी. सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करावी. आणि रोज दारी येणाऱ्या त्या भगिनीचे नाव ठाऊक नसेल, तर उद्या सकाळी ते आदराने विचारावे.