पडलंस तर उचलतलो कोण?

(तळेरे येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आत्ता इकडे येताना महामार्गाच्या कडेला दोन टेम्पो उभे दिसले. विजयदुर्ग रस्त्याने आलेले, हापूसच्या पेट्यांनी भरलेले. एक मुंबईच्या दिशेला तोंड करून होता, दुसरा वैभववाडीवरून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला जाणार होता. या दिवसांत तळेऱ्यात हे रोजचंच आहे. मोटारसायकलवर सामान कसं बांधावं हा विषय मी घेतला, तेव्हा एकजण म्हणाला की हा शहरातल्या हौशी पोरांचा विषय आहे, आपल्याकडे कोण ऐकणार? मला ते पटलं नाही. सामान खाचखळग्यांतून, चढउतारावरून, मोडतोड न होता लांब कसं न्यायचं, हे इथल्या माणसाला पिढ्यान् पिढ्या करावं लागलेलं आहे.

माझे काका आंब्याच्या पेट्या भरायचे. तळाला पेंढा, त्यावर फळांची ओळ, फळाफळामध्ये पुन्हा पेंढा, आणि कुठेही पोकळी राहू द्यायची नाही. फळी ठोकण्याआधी ते पेटी दोन्ही हातांनी हलवायचे आणि कान लावून ऐकायचे. आतून जरा जरी आवाज आला तरी पेटी पुन्हा उघडायची. खड्ड्यात एकदा आपटल्याने आंबा जेवढा बिघडत नाही, त्याहून जास्त रात्रभर शेजारच्या फळाला घासून बिघडतो, असं ते सांगायचे.

मी पहिल्यांदा मोटारसायकलने हिमालयात निघालो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. अंगणात गाडी बांधून उभी केली होती. दोन बाजूंना दोन पत्र्याचे डबे, मागे तिसरा, त्यावर तंबू, स्टोव्ह, दोन ब्लँकेटं, हत्यारांची पेटी. काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि एवढंच विचारलं, "पडलंस तर उचलतलो कोण?"

निघताना असं अभद्र बोलावं का, म्हणून मला राग आला होता. त्या प्रश्नाचं उत्तर मला स्पितीला जाताना मिळालं. ग्रांफूपासून बातलपर्यंतचा रस्ता म्हणजे बहुतेक ठिकाणी नदीकाठचे गोटेच. वरच्या हिमनद्यांमधून आलेले ओहोळ रस्त्यावरून आडवे वाहतात. सकाळी थंडीने वितळणं कमी असतं, म्हणून पाणी घोट्याएवढं. दुपारी ऊन चढलं की तेच पाणी गुडघ्यापर्यंत येतं. अशा एका ओहोळापाशी मी पोचलो दुपारी तीनला. मधोमध डाव्या बाजूचा डबा एका धोंड्याला लागला आणि गाडी कलली. आधाराला टेकवलेला पाय डब्याच्या आणि दगडाच्या मध्ये सापडला. पाय कसाबसा सुटला, पण गाडी काही उठेना. दोनदा जोर लावला, तिसऱ्यांदा हात थरथरायला लागले. शेवटी बर्फाच्या त्या पाण्यात उभं राहून एकेक सामान सोडून काठावर नेलं. मागून एक ट्रक आला, त्याच्या ड्रायव्हरने हात दिला आणि गाडी उभी राहिली. मागच्या कॅरिअरचं वेल्डिंग तुटलं होतं. ते त्यानेच लोखंडी पट्टी आणि तारेने आवळून दिलं. घोटा महिनाभर सुजलेला होता.

म्हणून आज मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. बाकी सगळं मी त्याच्या अनुषंगाने बोलणार आहे. निघायच्या आदल्या दिवशी गाडी पूर्ण बांधा, पेट्रोलची टाकी भरा, मऊ जमिनीवर ती हळूच आडवी करा आणि एकट्याने उचला. उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधी बाहेर काढा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाऊन पडेल. गाडी गिअरमध्ये ठेवा. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून बसा, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची फ्रेम धरा, आणि कंबरेने न ओढता पायांनी मागे सरकत उठा. उठली तर सामान बरोबर आहे. नाही उठली तर सामान कमी करा आणि पुन्हा आडवी करा.

हीरोची एक्सपल्स सुमारे 158 किलोची, रॉयल एनफील्डची 450 सीसी हिमालयन 196 किलोची. हे रिकाम्या गाडीचं वजन नव्हे. पेट्रोल आणि तेलासह कंपनीच सांगते ते वजन. हिमालयनवर तीस किलो बांधले तर वजन सव्वादोनशेवर जातं, आणि ते पाण्यात, उतारावर, विरळ हवेत उचलायचं असतं. माझं मत स्पष्ट आहे: खडबडीत वाटेवर वीस किलोच्या वर सामान नको.

आता मऊ पिशव्या घ्याव्यात की पत्र्याच्या पेट्या, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. डांबरी रस्त्याने गोव्याला किंवा कन्याकुमारीला जाणाऱ्याने पेट्या खुशाल घ्याव्यात. कुलूप लागतं, पाऊस आत येत नाही, हॉटेलाबाहेर निर्धास्त ठेवता येतात. पण डांबर सुटलं की पेटीचे गुण दोष होतात. तिची रुंदी वाटेत अडते, तिचं स्वतःचंच वजन असतं, आणि गाडी कलली की तिची कड नेमकी आपल्या पोटरीच्या मागे येते. कापडी पिशवी पडल्यावर दबते, घासते, फार तर फाटते. ती सुई-दोऱ्याने शिवता येते. पाय शिवायला मात्र दवाखाना गाठावा लागतो. मुंबईचं रायनॉक्स, बंगळुरूचं व्हायाटेरा अशा आपल्याकडच्या कंपन्या आता चांगल्या पिशव्या करतात, परदेशी मालासाठी अडून बसायची गरज नाही. आणि ज्याला तेही परवडत नाही त्याने थांबू नये. एल्स्पेथ बिअर्ड नावाची एक इंग्रज तरुणी 1982 साली बीएमडब्ल्यूवर जगप्रवासाला निघाली. वाटेत सिडनीमध्ये तिने अॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून, रिव्हेट मारून आपल्या पेट्या स्वतः केल्या आणि त्याच घेऊन ती भारतातूनही गेली. आपला फॅब्रिकेशनवाला गाडीच्या मापाचं साधं कॅरिअर नक्की करून देईल. त्याला एवढंच सांगा की जिथे पाइप वाकतो तिथे जोड नको.

घाटातून गाडीरस्ते होण्याआधी मिठाची आणि धान्याची ने-आण बैलांच्या पाठीवरून व्हायची. खारेपाटणच्या बंदरातला माल असाच वर जायचा. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण असते. एक गोण जड झाली की बैल तिरका चालतो आणि संध्याकाळपर्यंत त्याची पाठ सोलवटते. मोटारसायकलची पाठ सोलवटत नाही, पण तीही तिरकीच चालते. म्हणून दोन्ही पिशव्या ताणकाट्यावर तोलाव्यात. हाताने अंदाज घेऊन भागत नाही. जड वस्तू खाली आणि पुढे, शक्य तितक्या आपल्या मांडीजवळ. हत्यारं मागच्या टोकाला बांधली की पुढचं चाक हलकं होतं, आणि वाळूत-चिखलात ते जाईल तिकडे आपण जातो. हत्यारांची पिशवी इंजिनपुढच्या गार्डला खाली बांधावी. मागच्या सीटवर फक्त मोठं पण हलकं सामान: तंबू, कपडे, झोपायची पिशवी. पाठीवर पाण्याच्या पिशवीशिवाय काही नको. सॅकमधलं पाच किलोचं ओझं संध्याकाळी मणक्यात उतरतं.

बांधायला लवचिक हुकाच्या दोऱ्या वापरू नका, हे मी कळवळून सांगतो. धक्क्यागणिक त्या ताणतात, सामान वर उडतं आणि परत बसतं, आणि एकदा हुक निसटला की तो चाकाच्या तारांत जातो. बकल असलेले रुंद पट्टे घ्या. ते मिळाले नाहीत तर जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, ज्यांनी आपल्याकडे दुधाचे कॅन आणि गवताचे भारे बांधतात, त्या कित्येक महागड्या दोऱ्यांपेक्षा भरवशाच्या आहेत. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर थांबायचं आणि सगळं पुन्हा आवळायचं. पहिल्या धक्क्यांनी सामान बसतं आणि पट्टे ढिले होतात.

पिशवीच्या आत काकांची पेटी आठवायची. पोकळी नको, आवाज नको. लोखंडाला लोखंड लागू द्यायचं नाही. पाने आणि टायर काढायच्या पट्ट्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळायच्या. पावसासाठी तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या रबरी पिशव्या चांगल्या. वरून घालायच्या कव्हरवर माझा विश्वास नाही. गगनबावड्याचा पाऊस खालून, बाजूने, कुठूनही येतो. रेनकोट मात्र सगळ्यात वर, थांबल्यावर अर्ध्या मिनिटात हाताला लागेल असा. लायसन्स, गाडीची कागदपत्रं आणि औषधाच्या गोळ्या गाडीवर ठेवायच्याच नाहीत, अंगावर ठेवायच्या. गाडी दरीत गेली तरी माणूस ओळखू यायला हवा.

आपल्याकडे खोगीरभरती म्हणतात ना, ती मुळात खोगिराच्या आत भरायची, चिंध्यांची आणि गवताची. घोड्याची पाठ सांभाळायला ती लागतच असे. पण शब्द मात्र निरुपयोगी भरीसाठी वापरात राहिला. सामानातही हेच होतं: कुठली भर पाठ सांभाळते आणि कुठली नुसती जागा खाते, हे घरी बसून कळत नाही. काही गोष्टी मात्र मी अनुभवाने पक्क्या केल्या आहेत. पुढचं चाक एकवीस इंची आणि मागचं अठरा इंची असेल तर दोन ट्यूब नेऊ नका. फक्त एकवीस इंची न्या. अडचणीच्या वेळी ती मागच्या चाकात दुमडून बसते आणि पुढच्या गावापर्यंत पोचवते. क्लचची जादा केबल पिशवीत न ठेवता जुन्या केबलच्या शेजारीच चिकटपट्टीने बांधून ठेवा, तुटली तर दोन टोकं बदलली की झालं. साखळीची एक जोडकडी घ्या. दगड लागून इंजिनचा तळ चिरला तर एम-सीलने तेल थांबतं. कपडे तीन जोड पुरतात. रात्री धुवायचे.

पेट्रोलचंही तसंच. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपावरचा फलक प्रसिद्ध आहे: पुढचा पंप 365 किलोमीटरवर. तो वाचून मंडळी घाबरतात आणि दहा-दहा लिटरचे डबे टांगतात. हिशेब करा. तेरा लिटरच्या टाकीत लिटरला पस्तीस धरले तर साडेचारशे किलोमीटर होतात. चढात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ते घटेल, म्हणून पाच लिटर जादा घ्यावं, धातूच्या किंवा पेट्रोलसाठीच केलेल्या डब्यात, आणि तेही तांदीलाच भरावं. मुंबईपासून भरलेला डबा वाहून नेण्यात काहीच अर्थ नाही. उंचीवर डब्यात दाब वाढतो, तेव्हा झाकण हळू उघडा.

जगातली सगळ्यात कठीण समजली जाणारी डकार रॅली आहे, तिथे मदतनीस न घेता धावणाऱ्यांचा एक वेगळा गट असतो. त्यांना आयोजक 80 लिटरची एक पेटी वाहून देतात. शिवाय तंबू, झोपायची पिशवी आणि चाकांचा एक जोड. दिवसभर वाळवंटात गाडी चालवायची आणि रात्री त्या पेटीतल्या सामानावर ती स्वतः दुरुस्त करायची. या गटाला मुळात 'माल मोटो' म्हणत. फ्रेंचमध्ये पेटीला 'माल' म्हणतात. आपल्या कानाला तो शब्द किती घरचा वाटतो! पंधरवड्याच्या त्या झुंजीला ज्यांना एक पेटी पुरते, त्यांच्याकडे पाहून आपण आठ दिवसांच्या सहलीला तीन डबे का बांधतो याचा विचार मी दर वेळी करतो.

थोडं विषयाबाहेरचं वाटेल, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. ऑफरोड म्हणून आपल्याकडचे तरुण हल्ली सड्यांवर आणि किनाऱ्यावर गाड्या घालतात. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या इतर शिल्पांसोबत ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत 2022 साली गेली. जांभ्यावर कोरलेल्या त्या रेषांवरून खाच असलेलं टायर गेलं तर ती हानी भरून येणारी नाही. किनाऱ्यावर कासवांची घरटी वाळूखाली असतात, वरून दिसत नाहीत. गाडीवाट, पाणंद, जुना रस्ता, व्हाळातली नेहमीची उतरण, एवढं आपल्याला पुष्कळ आहे. वाट सोडून जाण्यात कसलंही शौर्य नाही.

परत आल्यावर मी ओटीवर सामानाचे तीन ढीग करतो: रोज वापरलेलं, एकदा वापरलेलं, न वापरलेलं. तिसऱ्या ढिगातून प्रथमोपचाराची पेटी आणि ट्यूब तेवढी परत पिशवीत जाते, बाकीचं कपाटात. पहिल्या वर्षी तो ढीग खाटेएवढा होता. गेल्या वर्षी त्यात एक टॉर्च, एक पुस्तक आणि लोकरीची दुसरी टोपी होती.

पुढच्या रविवारी आम्ही काहीजण चाचणीला निघतो आहोत. सगळं सामान बांधून करूळ घाटाने गगनबावड्याला चढायचं, भुईबावड्याने उतरायचं आणि दुपारपर्यंत परत. चढावर मागचं ओझं कळतं, उतारावर पुढचं. ज्यांना यायचं त्यांनी सकाळी सहाला एसटी स्टँडसमोर जमावं. जवळच मऊ मातीची मोकळी जागा आहे. तिथे आधी प्रत्येकाची गाडी आडवी करू, मग निघू.