गुठळी, हृदय आणि रात्रपाळी



कामगार चळवळीतल्या माणसाने वैद्यकावर बोलावे याचे कुणाला नवल वाटेल. परंतु पाय मोडून महिनाभर प्लास्टरमध्ये पडलेला कामगार आणि दहा-बारा तास स्टिअरिंगवर बसणारा ट्रकचालक मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीला परके नाहीत. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरण्याचा धोका अशांनाच अधिक. ती सुटली की हृदयाच्या उजव्या भागातून पुढे जाऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकते. एकाएकी धाप लागते, छातीत दुखते, घेरी येते. घरचे म्हणतात, गॅस झाला!

येथे मरण ओढवते ते मुख्यतः हृदय थकल्यामुळे. उजवा कप्पा पातळ भिंतीचा, कमी दाबावर काम करणारा. पुढची वाट तुंबली की तो फुगतो. डाव्या कप्प्याकडे पुरेसे रक्त पोचत नाही आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून गुठळी केवढी, याहून हृदय किती सोसते आहे, हा प्रश्न मोठा.

त्याचे उत्तर ध्वनिलहरी देतात. 1953 साली स्वीडनमधील लुंड येथे एडलर हे डॉक्टर आणि हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी हृदयाची हालचाल या लहरींनी टिपली. त्याआधी हर्ट्झ यांनी प्रयोगासाठी माल्मोच्या गोदीतून यंत्र उसने आणले होते; तेथे ते पोलादातील दोष शोधण्याच्या कामी येई. कामगाराचे हत्यार असे वैद्याच्या हाती गेले!

आज हे यंत्र रुग्णाच्या खाटेपाशी येते. उजवा कप्पा एरवी डाव्याहून लहान दिसतो. तो बरोबरीचा किंवा मोठा दिसला, अथवा त्याच्या झडपेची कड 16 मिलिमीटरहून कमी हलली, तर हृदयावर ताण आहे असे समजावे. वरचा रक्तदाब 90 च्या खाली गेला असून सीटी स्कॅनपर्यंत नेणे शक्य नसेल, तर एवढ्या पुराव्यावरही गुठळी विरघळविणारे औषध देता येते. रक्तदाब ठीक पण हृदय ताणलेले, अशा रुग्णास रक्त न गोठण्याचे औषध देऊन डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. विरघळविणारे औषध सरसकट देता येत नाही. त्याने मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. आणि हृदय चांगले दिसले म्हणजे गुठळी नाहीच, असेही नव्हे. तेथे सीटी स्कॅन हवाच.

रत्नागिरीस 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आंबा घाटाच्या वळणांवरून रुग्ण कोल्हापूरला हलविण्यापूर्वी त्याचे हृदय कोणी पाहिले काय, हे विचारण्याचा नागरिकांना हक्क आहे. यंत्र विकत घेता येते. ते चालविणारा शिकलेला हात रात्री दोन वाजताही हजर पाहिजे. बॉयलर पेटता असेतो त्याच्या दाबावर नजर ठेवणारा माणूस प्रत्येक पाळीत लागतो. माणसाच्या हृदयासाठी आम्ही त्याहून अधिक काही मागत नाही. पण त्याहून कमीही घेणार नाही.