धुक्यातली राखण
(संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



उत्तरेकडच्या थंडीविषयी मी चार शब्द बोलावेत, असे मंडळाने ठरवले. यजमानांच्या रेल्वेतील नोकरीमुळे आमचे पाच हिवाळे गंगेकाठच्या सपाट मुलखात गेले, एवढाच माझा अधिकार.

आपल्याकडे थंडी म्हटली की हुरडा, बाजरीची भाकरी आणि तिळगूळ आठवतो. थंडी ही आपली लाडकी पाहुणी. तिकडची थंडी पाहुणी नव्हे. ती पौष-माघ घर धरून बसते आणि घरच्यांनाच कोपऱ्यात बसवते.

पौषात अमृतसरहून पाटण्याकडे आगगाडीने निघा. तासन्‌तास डोंगर नाही की टेकडी नाही. शिसमाची पाने गळालेली. बांधावर पॉपलर म्हणून उंच झाडांच्या रांगा असतात, त्यांचे तर नुसते खराटे झालेले. तळ्यावर वाफ, आकाश राखेच्या रंगाचे. सूर्य उगवलाच तर चंद्रासारखा फिका, आणि कित्येक दिवस तो उगवतच नाही. वाळत घातलेले धोतर तिसऱ्या दिवशीही ओलेच.

हे धुके येते कोठून? रात्री आभाळ स्वच्छ असते, वारा पडलेला असतो. जमिनीची ऊब वर निघून जाते व जमिनीलगतची हवा गार पडते. गव्हाला पाणी दिल्याने माती ओली असते. त्या ओलाव्याचे गार हवेत बारीक थेंब होतात. वर उबदार हवेचे जणू झाकण बसते, म्हणून खालचे धुके, धूर आणि धूळ तेथेच कोंडून राहतात. मधून मधून भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे ढग थोडा पाऊस देऊन जातात. त्याला तिकडे महावट म्हणतात. मग थंडी आणखी वाढते. मैदानात किमान तापमान ४ अंशांवर किंवा त्याखाली उतरले, की हवामान खाते थंडीची लाट जाहीर करते. ५० मीटरपलीकडचे दिसेनासे झाले, की ते धुके अतिदाट.

नव्या माणसाला वाटते, या रानात जीव म्हणून नाही. पण भगिनींनो, ते रान रिकामे नाही. त्या धुक्यात ठिकठिकाणी कोणी ना कोणी राखण करीत असते.

रेल्वेचेच पाहा. थंडीने रूळ आकसतात, कधी तडकतात. म्हणून रात्री कंदील किंवा विजेरी घेऊन माणसे रुळावरून पायी गस्त घालतात. सिग्नल दिसत नाही, म्हणून त्याच्या अलीकडे रुळावर फटाके बांधतात. इंजिनाचे चाक वरून गेले की बार उडतो आणि सिग्नल जवळ आल्याचे चालकाला कळते. आता इंजिनात सिग्नलची आगाऊ सूचना देणारे यंत्रही असते. पण पायी गस्त चुकलेली नाही. आपण डब्यात पांघरूण ओढून निजतो आणि गाडीला उशीर झाला म्हणून कुरकुरतो, तेव्हा तो माणूस बाहेर चालत असतो.

दुसरी राखण शेताची. तिकडचा गहू नोव्हेंबरात पेरतात आणि एप्रिलमध्ये कापतात. त्याला ही थंडी हवीच असते. २०२२ साली मार्चमध्येच कडक ऊन पडले, दाणे बारीक राहिले आणि मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली. म्हणजे ज्या गारठ्याने शेतकरी काकडतो, त्याच गारठ्यात आपली पोळी भरत असते. बटाट्यावर आणि मोहरीवर हिमकण पडून पीक करपू नये, म्हणून शेताला हलके पाणी द्यावे लागते. वीज रात्री आली तर रात्रीच त्या चिखलात उभे राहायचे. शिवाय नीलगाई आणि मोकाट गुरे हाकलायची. प्रेमचंदांनी १९३० साली ‘पूस की रात’ ही कथा लिहिली. तिच्यातल्या हल्कूने घोंगडीसाठी जमवलेले तीन रुपये सावकाराच्या घशात जातात आणि तो घोंगडीविना शेत राखायला जातो. ती कथा जुनी झाली, असे मला तिकडे राहून म्हणवत नाही.

तिसरी राखण बायकांची. मातीच्या बोरशीत गोवऱ्यांचा विस्तव रात्रभर जपायचा, म्हातारी माणसे आणि लेकरे भोवती बसवायची. पण ध्यानात ठेवा, दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी कधी जवळ घेऊन निजू नये. तिचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. झोपेतच माणसे जातात.

ही थंडी आपल्या घरातही एकदा शिरली होती. १७६० च्या ऑक्टोबर अखेरीपासून मराठ्यांची छावणी पानिपतावर अडकली. सोबत बायकामुले होती, यात्रेकरू होते. रसद तुटली, चारा-जळण आणायला बाहेर पडणे जिवावर बेतू लागले. १४ जानेवारी १७६१ रोजी आपली माणसे उपाशी पोटी लढायला उभी राहिली. पानिपत म्हटले की आपण भाऊसाहेब आणि विश्वासराव आठवतो. त्या छावणीतल्या बायकांनी पौषाच्या रात्री कशाने लेकरे झाकली असतील, हे मला तिकडची पहिली रात्र काढल्यावर प्रथम सुचले.

बर्फाच्या देशात याहून कितीतरी अधिक थंडी पडते. तेथे जाड भिंती असतात, घरात ऊब असते. आपल्या मैदानात पारा शून्यावर क्वचितच जातो, तरी माणसे दगावतात, कारण डोक्यावर छप्पर नसते आणि अंगावर रजई नसते. मारते ते उघडेपण, नुसता गारठा नव्हे.

म्हणून मंडळापुढे एक विनंती मांडते. आपल्यापैकी काही जणी माघात काशी-प्रयागला जातात. जाताना प्रत्येकीने एक घोंगडी जास्त न्यावी आणि येताना ती तेथेच, रस्त्यावर निजणाऱ्या कोणाच्या अंगावर ठेवून यावी. ज्या जाणार नाहीत, त्यांनी जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवून द्यावी. टाके घालायला आपले हात आहेतच, आणि दुपारही आपली आहे.

एवढे सांगून मी आपली रजा घेते. तिळगूळ घ्या, गोड बोला.